दोन बोटं उंच टाच

मी एक जुना पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा. हसू नका मित्रांनो, पायालाही सांगण्यासारखं बरंच असतं.

माझा जन्म एका कार्यशाळेत झाला. मला घडवणाऱ्या ताईंच्या भुवयांवरसुद्धा प्लास्टरची भुकटी बसलेली असे. माझे मालक सलूनवाले. अपघातात त्यांचा पाय गेला होता. गुडघ्याखाली उरलेल्या भागाचा साचा घेऊन ताईंनी तो नीट बसेल अशी माझी खोबण बेतली आणि "कुठे खुपतंय का?" असं विचारत नऊ वेळा घासली. मालकांची कात्री तेव्हा मेहुण्याच्या हातात होती, आणि तो लहानथोर सगळ्यांचे केस एकसारखेच कापायचा. मालकांचं मागणं फार साधं होतं. "ताई, मला पळायचं नाही. एका गिऱ्हाईकाचं डोकं होईपर्यंत उभं राहता आलं की झालं."

त्याच सुमारास कार्यशाळेत टीव्हीवाले आले. नवे हातपाय मिळालेल्या खऱ्या माणसांची ते मालिका करत होते, दर रविवारी एक माणूस. आमची निवड झाली. जन्मून आठवडा झाला नाही तोच टीव्हीवर! मी पाय असूनही जमिनीवर राहिलो नाही.

दिग्दर्शकसाहेबांना मात्र आमचं मागणं पटेना. "काका, उभं राहण्यात काय दाखवायचं? जिना चढा, टाळ्या पडतील." मालक भिडस्त, ते हो म्हणाले. चित्रीकरणासाठी त्यांना चकचकीत बूट मिळाले. मालकीणबाईंनी ते पदराने पुसून पुढे ठेवले. हौसेला मोल नसतं, पण त्या बुटांची टाच चांगली दोन बोटं उंच होती. मला बेतलं होतं मालकांच्या सपाट चपलेवर. माझा घोटा काही तुमच्यासारखा वळत नाही. टाच उंच झाली की मी सगळाच पुढे झुकतो आणि गुडघ्याला ढकलतो. मला हे कळत होतं, पण सांगू कसं? ताई त्या दिवशी परगावी होत्या.

तिसऱ्या पायरीवर मालक पडले. सगळ्यांसमोर, कॅमेरे चालू असताना.

लागलं फारसं नाही, पण ते मनातून खचले. घरी येताच त्यांनी मला बुटासकट दाराआड उभं केलं. "मला नाही जमायचं. सलून तुझ्या भावालाच देऊन टाकू," असं ते मालकीणबाईंना म्हणाले. अठरा दिवस मी धूळ खात होतो. मालक कुबड्या घेऊन खिडकीपर्यंत जायचे आणि परत यायचे. मला त्यांची फार दया यायची. आणि खरं सांगू, रागही यायचा. चूक टाचेची आणि नाव माझं खराब!

शेवटी मालकीणबाईंनी ताईंना बोलावलं. ताईंनी मला उचललं आणि घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना लगेच कळलं.

"हा बूट कुणी घातला याला?"

"टीव्हीवाल्यांनी दिला. भारीतला आहे," मालक ओशाळून म्हणाले.

"असेल भारीतला. पण त्यानेच पाडलं तुम्हाला. एक फोन तरी करायचात ना काका! आणा तुमची चप्पल."

दुसऱ्या दिवशी आम्ही सलूनमध्ये गेलो. ताईंच्या फोनवरून बुटाचं कळल्यामुळे दिग्दर्शकसाहेब माफी मागायला आले होते. मालकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि ते म्हणाले, "माफी राहू द्या, बसा. केस फार वाढलेत तुमचे." मग कात्री चालू झाली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मालकांचा सगळा भार माझ्यावर होता आणि मी जराही हललो नाही. साहेबांच्या मानेवरचे केस झटकून झाल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, टेका आता जरा."

"कशाला? पुढच्याला बोलव."

तो आवाज ऐकून मला रडू आलं असतं, पण पायाला डोळे नसतात.

याला आता अकरा वर्षं झाली. माझ्या खोबणीला तडा गेला, माझी जागा नव्या पायाने घेतली. मी सलूनच्या फळीवर असतो आणि मालक मला दर शनिवारी पुसतात.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कुणाला पळून दाखव, चढून दाखव म्हणण्याआधी त्याला काय करायचंय ते विचारा. आणि कुणी पडला, तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या पायात काय आहे ते बघा. पुष्कळदा ते आपणच हौसेने दिलेलं असतं.