जगाचं आज काय म्हणणं

ऊर्मिलाने वर्तमानपत्राचं शेवटून तिसरं पान अलगद वेगळं केलं, त्याची चौघडी घातली आणि एप्रनच्या खिशात सारली. उरलेला अंक तिने पुन्हा सारखा केला. एक पान कमी झालंय हे नॉयमान आजोबांना, इथल्या रीतीने हेर नॉयमानना, कळणार नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांना कडेकडेचं तेवढं दिसे, मधोमध नुसतं धुकं. म्हणून तर रोज दहा वाजता ती त्यांना बातम्या वाचून दाखवायची. वृद्धाश्रमाच्या वेळापत्रकात त्या कामाला वीस मिनिटं दिलेली होती.

काढलेल्या पानावर होर्स्टचं नाव होतं, काळ्या चौकटीत.

होर्स्ट हा त्यांचा मित्र. दोघांनी इथल्याच, ड्रेस्डेनमधल्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर कॅमेऱ्याची भिंगं घासली होती. आता दर गुरुवारी तो ट्रॅमने यायचा, कागदात गुंडाळलेला केक घेऊन, आणि दोघं आठवड्याभराच्या बातम्यांवरून भांडत बसायचे. गेल्या गुरुवारीही भांडून घरी गेला, रात्री झोपला तो उठलाच नाही. आज मंगळवार होता.

सकाळी हेर नॉयमानांच्या मुलीचा हांबुर्गहून फोन आला होता. बाबांना आत्ता कुणी काही सांगू नका, मी रविवारी येते, मीच सांगेन. विभागप्रमुख बाई, फ्राउ ब्रांट, यांनी तसं वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि ऊर्मिलाकडे पाहिलं.

खोलीत नेण्याआधी पाण्याचा जग भरायला ती स्वयंपाकघरात गेली. कुंदाताई गाजरं किसत होत्या. मूळच्या सोलापूरच्या, नवरा इथल्या चिपच्या कारखान्यात, आणि त्या या स्वयंपाकघरात अकरा वर्षं. ऊर्मिलाने त्यांना सगळं सांगितलं.

"मग ते पान वाचू नकोस. सोपंय."

"वाचणार नाहीच. पण ते गुरुवारचं विचारतात ना, ताई. रोज विचारतात."

"विचारलं तर म्हणायचं, येईल. तू काय यमाची पोस्टमन आहेस?" कुंदाताईंचा हात थांबला नाही. "आणि आपल्याकडे तरी कोण सांगतं गं तोंडावर? तब्येत जरा जास्त आहे म्हणतात नि बोलावून घेतात. माया असते त्यात."

पुढच्या महिन्यात ऊर्मिलाचा करार पक्का व्हायचा होता. मुलीने नको म्हटलेलं तू बोलून बसलीस, तर फ्राउ ब्रांट गोड हसून तुला घरी बसवेल, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं.

ऊर्मिला पाण्याचा जग आणि अंक घेऊन जिन्याने वर निघाली. माया कशी असते ते तिला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी फलटणहून थोरल्या भावाचा फोन आला होता. अण्णांची, म्हणजे वडिलांची, तब्येत जरा जास्त आहे, निघून ये. मुंबईच्या विमानतळावर धाकटा चुलतभाऊ मल्हार गाडी घेऊन उभा होता. अण्णा कसे आहेत, तिने विचारलं. आहेत, तो म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली. मग सहा-साडेसहा तास मल्हार बोलत होता. कुठल्या देशात सरकार पडलं, चंद्रावर आता कोण यान धाडतंय, विजेवरची मोटारसायकल एका दमात किती पळते, माणसासारखं बोलणारं यंत्र कुणी काढलंय. जगात जे जे म्हणून घडलं ते सारं त्याने सांगितलं. ती मांडीवरच्या पिशवीतले लोकरीचे पायमोजे चाचपत हं हं करत राहिली. अण्णांचे पाय थंडीत फार गार पडायचे. गाडी गल्लीत वळली, आणि दारासमोर चपलांचा ढीग दिसला.

कोपऱ्यावरच्या पानवाल्यालासुद्धा तिच्याआधी माहीत होतं.

तेव्हापासून ती मल्हारशी बोलली नव्हती. भाऊबीजेला त्याचा फोन यायचा, वाजवाजून गप्प व्हायचा.

हेर नॉयमान खिडकीपाशी बसले होते. दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली.

"तर मग, जगाचं आज काय म्हणणं आहे?"

बातम्यांचा क्रम त्यांनीच लावून दिलेला होता. आधी यंत्रं आणि तंत्रज्ञान, मग जग, मग शहर, आणि सगळ्यात शेवटी हवामान. जो माणूस हवामानापासून सुरुवात करतो तो काहीतरी लपवत असतो, असं त्यांचं मत होतं.

तिने वाचायला घेतलं. शहराच्या उत्तरेला चिपच्या कारखान्याचं नवं दालन उभं राहतंय, ते सहा महिने लांबणीवर पडलं होतं. लांबणारच, ते म्हणाले, आमचं छप्पर गळत होतं तरी भिंगं वेळेवर जायची. क्ष-किरणाच्या चित्रातला आजार डॉक्टरच्या आधी ओळखणारं यंत्र आलं होतं. मग डॉक्टरांनी काय करायचं, त्यांनी विचारलं. सही, ती म्हणाली, आणि ते खूश होऊन हसले. दोन देशांची अडलेली बोलणी पुन्हा सुरू झाली होती. कुठल्याशा बेटावर पूर आला होता, कुठे मतमोजणी चालू होती. एरवी ती गाळत असे त्या बातम्याही आज तिने वाचल्या. फुटबॉलचा कुठला प्रशिक्षक बदलला तेसुद्धा. आपला आवाज भरभर पळतोय हे तिचं तिलाच ऐकू येत होतं.

तीन घड्या पडणारा फोन बाजारात आला, इथे त्यांनी तिला थांबवलं.

"हे होर्स्टला सांगायला हवं. तो म्हणेल, घडीच घालायची तर रुमाल काय वाईट?" मग ते जरा पुढे वाकले. "गुरुवारी तो आला की कॉफी इथेच आणा. खालच्या हॉलमध्ये नको, तिथे सगळे कान लावून बसतात. आणाल ना?"

हो म्हणायचं होतं. एवढासा शब्द, ओठांपर्यंत आलेला.

तिने वर्तमानपत्र मिटलं आणि खुर्ची पुढे ओढली. असल्या वेळचे मऊ शब्द तिला जर्मनमध्ये येत नव्हते. जो येत होता तो परीक्षेसाठी पाठ केलेला, सरळ होता.

"हेर नॉयमान, होर्स्ट गुरुवारी येणार नाहीत. गेल्या गुरुवारी ते इथून घरी गेले आणि त्या रात्री झोपेतच वारले."

खाली ट्रॅम येऊन थांबली, दारं उघडली, मिटली, ती निघून गेली. त्यांचा अंगठा तर्जनीच्या टोकावर गोल गोल फिरत होता, अगदी हलक्या दाबाने.

"माझ्या मुलीला ठाऊक आहे?"

"हो. त्या रविवारी येऊन तुम्हाला सांगणार होत्या."

"रविवारी." त्यांनी मान हलवली. "म्हणजे गुरुवारी मी दाढी करून बसलो असतो."

दाराशी फ्राउ ब्रांट येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हेर नॉयमानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ऊर्मिलाकडे बराच वेळ, आणि दार ओढून घेतलं. त्याचं काय व्हायचं ते नंतर होणार होतं. ऊर्मिला उठली. तुम्हाला एकटं बसायचं असेल तर मी जाते, असं काहीतरी म्हणाली.

"नको. वाचा."

"काय वाचू?"

"काहीही. वाइटर." पुढे, पुढे चला.

तिने पुन्हा अंक उघडला. पुलाच्या डागडुजीमुळे ट्रॅमचा मार्ग बदलला होता. शाळेच्या बँडचा कार्यक्रम होता. कुणाचं तरी करडं मांजर हरवलं होतं, उजव्या कानाला खाच. दुपारनंतर ढग, रात्री थंडी. ती श्वास घ्यायला थांबली की ते म्हणत, वाइटर. ते ऐकत नव्हते, हे तिला दिसत होतं. तोंड खिडकीकडे होतं, अंगठा फिरत होता. तिने सोफ्यांची जाहिरात वाचली, चष्म्यांची वाचली. मग अंक संपला.

"वाइटर," ते म्हणाले.

त्या दिवशी जेजुरीला मल्हारने चहासाठी गाडी थांबवली होती. तो स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे गेला आणि तिच्याकडे पाठ करून एकामागून एक पानं उलटत राहिला. गाडीच्या टपावर चहा निवत होता. अशा वेळी याला पेपर सुचतो, म्हणून ती काचेआड धुमसत बसली होती. तो परत आला तेव्हा त्याचा घसा बसलेला होता. त्याने रुमालाने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायला आणि गाडी सुरू करता करता म्हणाला, ताई, तुला सांगतो, तिकडे जपानमध्ये काय झालं...

ऊर्मिलाने जगमधलं थोडं पाणी पेल्यात ओतलं आणि घोटभर प्यायली. कपाटाजवळच्या स्टुलावर कालचा अंक पडला होता. तिने तो उचलला, पहिल्या पानापासून उघडला आणि वाचू लागली.