मास्तरच्या पायाखालून

मी ब्रेक बोलतोय. गाडी चालवणाऱ्याचा नव्हे; शेजारी बसून त्याच्यावर डोळे वटारणाऱ्याचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असे दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. तो दुसरा मी.

शिकवणाऱ्याच्या बाजूला स्टिअरिंग नसतं, ॲक्सिलरेटर नसतो. गाडी पुढे नेता येईल अशी एकही वस्तू त्याच्याजवळ नसते. थांबवायची तेवढी असते. ही व्यवस्था ज्याने लावली तो नक्की कोणाचा तरी बाप असणार.

गाडी कारखान्यातून आली तेव्हा मी तिच्यात नव्हतोच. मला मागाहून एका गॅरेजमध्ये बसवलं. भंगारातल्या टेम्पोचं पेडल कापलं, वेल्डिंग केलं, वर रबर चढवलं आणि एका लोखंडी दांडीने मला खऱ्या ब्रेकशी जखडलं. तेव्हापासून आम्ही दोघे जुळे. तिकडे त्याच्यावर पाय पडला की इकडे मी आपोआप खाली जातो. इकडे मला दाबलं की तिकडे तो खाली जातो. फरक एवढाच की माझ्या रबराखाली एक बटण आहे. माझ्यावर खरोखर कोणाचा पाय पडला तरच डॅशबोर्डखालचा बझर वाजतो. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना कळावं म्हणून ही सोय. कारण परीक्षेत मास्तरला ब्रेक मारावा लागला, म्हणजे शिकाऊ नापास.

“घ्या मास्तर, गाडी आता तुमच्या मुठीत,” गॅरेजवाला हात पुसत म्हणाला होता.

“मुठीत नाही रे, पायाखाली,” मास्तर म्हणाला, आणि दोघे खदाखदा हसले.

सगळं गाव त्याला अहोजाहो करतं. मी करणार नाही. जो आयुष्यभर माझ्या डोक्यावर बूट ठेवून बसला, त्याला मी अहो का म्हणू?

मास्तरला वाटायचं आपण शिकवतो. तो शिकवत नव्हता, दचकत होता. समोर कुत्रं दिसलं, दाब ब्रेक. कुत्रं झोपलेलं आहे, फुटपाथवर आहे, तरी दाब. सिग्नल हिरवा आहे, पण आता लाल होईल, दाब. शिकणाऱ्याचं डोकं पुढे आपटायचं आणि मास्तर म्हणायचा, “बघा, मी होतो म्हणून वाचलात.” लोक आभार मानायचे! परवाना हातात पडला तरी त्यांच्यातले निम्मे गाडी घराबाहेर काढत नसत. शेजारी मास्तर नाही ना.

मग सायकलचा रस्ता आला.

तुम्हाला वाटत असेल, तो तरुणांनी मागितला. छे! आमच्या भागात ज्येष्ठांची एक समिती आहे, तिने मागितला. सभेला येताना सगळे आपापल्या गाड्यांतून आले आणि त्या एकमेकींना खेटून अशा लावल्या की सभा संपल्यावर निघताना तासभर घोळ चालला. सभेत मास्तर ताठ उभा राहून बोलला. “आमच्या वेळी आम्ही ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही, सायकल मारत कामाला गेलो. आजच्या पिढीला पाय आहेत की नाही?” टाळ्या पडल्या. तिथे आजच्या पिढीतलं कोणीच नव्हतं. चहा देणारासुद्धा साठीचा होता.

सायकलच्या रस्त्याशी माझं भांडण नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. सायकल चांगली. तिचा ब्रेक एकाच माणसाच्या हातात असतो. भांडण आहे ते तो करण्याच्या पद्धतीशी. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही कडा एकाच दिवशी पत्रे ठोकून बंद केल्या. चार गाड्या शेजारी शेजारी जायच्या तिथे दोन जाऊ लागल्या, त्याही एकमेकींचे आरसे दुमडून. खणलं. बुजवलं. बुजवल्यावर कळलं की विजेचा खांब सायकलच्या वाटेत मधोमध उभा आहे. पुन्हा खणलं. खांब हलला, पाण्याचा पाइप फुटला. पत्रे आणखी हातभर पुढे आले. एक बाजू पुरी होऊन तिला छान रंग दिला, तर ती रस्त्यापेक्षा खाली बसली आणि तिच्यात तळं साचलं. मग रंगासकट उखडली.

आमची गाडी रोज त्याच रस्त्यावर, कारण परीक्षेचा मार्गही तोच. पूर्वी तासाभराच्या शिकवणीत लोक चौथ्या गिअरपर्यंत जायचे. आता दुसरा पडला की शिकाऊ मंडळी लग्न ठरल्यासारखी लाजायची. एक शिंपीकाका शिकायला येत. ते गाडी रांगेत उभी राहिली की पिशवीतून शर्ट काढून काजं-बटणं करत बसायचे. मागे हॉर्न, पुढे हॉर्न, आणि खिडकीतून मान काढून मास्तर शिव्या देतोय, “कोणा गाढवाच्या डोक्यातून निघालं हे सायकलचं खूळ?”

मागच्या सीटवरून एकदा आवाज आला, “तुमच्याच, बाबा. भाषण मी टाइप केलं होतं.”

ही मास्तरची धाकटी मुलगी. कॉलेज अर्ध्यावर सोडलेली. घरात तिचं नाव कमी आणि ‘ती आपली कॉलेज सोडलेली’ हेच जास्त घेतलं जायचं, पाहुण्यांसमोर तर हमखास. पण स्टिअरिंगवर बसली की बघत राहावं. ती ब्रेक मारायची तेव्हा मी खाली जायचो तेसुद्धा मला आवडायचं. हळूच, पिकलेलं फळ टोपलीत ठेवावं तसं. धक्का नाही, आदळआपट नाही. मास्तरचा पाय मात्र सदा माझ्यावर टेकलेला. बझर मध्येच किंचाळायचा.

“बाबा, मी मारला होता ब्रेक.”

“उशिरा.”

“गाडी थांबली ना?”

“मी थांबवली.”

पलीकडच्या मोठ्या गावात एक बेकरी आहे. तिथे पाव पोचवणारी व्हॅन चालवायला धाकटीला बोलावलं होतं. वर राहायला खोलीही मिळणार होती. बेकरीवाल्या बाईंनी फोनवर साफ सांगितलं होतं, “महिनाअखेरपर्यंत परवाना घेऊन ये. तोवर जागा धरते, पुढे नाही.” धाकटीला ती व्हॅन हवी होती आणि त्याहून जास्त ती खोली. जिथे कोणी तिची ओळख करून देताना उसासा टाकणार नाही अशी खोली.

पहिल्या परीक्षेच्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, आजपासून पुलापाशी पण पत्रे लागलेत. लवकर निघू या.”

“मला रस्ते शिकवू नकोस. माझं आयुष्य गेलंय या रस्त्यावर.”

पुलापाशी आम्ही इतका वेळ उभे राहिलो की इंजिन तापलं. पोचलो तेव्हा साहेब दुसऱ्याच्या गाडीत बसून निघून गेले होते. परतताना मास्तर सगळा वेळ सायकलच्या रस्त्याला बोल लावत होता. नवीन तारीख मिळाली ती महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. परीक्षेसाठी रांगेत माणसं खूप, आणि रस्ता असला. एका सकाळी होणाऱ्या परीक्षा निम्म्यावर आल्या होत्या. ही तारीख हुकली की खोली गेली.

त्या दिवशी धाकटीने बापाला अंथरुणातून ओढून काढलं. आम्ही इतके लवकर पोचलो की परीक्षेच्या ऑफिसचं फाटक अजून उघडायचं होतं.

परीक्षेत साहेब मागे बसतात आणि मास्तर आपल्या जागेवर, माझ्यापाशी. अडचण आलीच तर असावा म्हणून. साहेब किरकिरे नव्हते. दमलेले होते. रोज त्याच कोंडीत दहा जणांच्या गाड्यांत बसून माणूस दमतोच.

“घ्या ताई, तुमच्या सवडीने,” साहेब म्हणाले. “या रस्त्यावर घाई करायची म्हटली तरी जमणार नाही.”

धाकटी हसली. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढली, मागे वीतभर सरकू दिली नाही. बसच्या मागे मापात अंतर ठेवलं. पत्र्यांच्या गल्लीतून गाडी अशी नेली की आरशालाही कळलं नाही. साहेबांनी एकदा “हं” केलं. त्यांच्याकडून तेवढंच फार असतं. मास्तरचे दोन्ही पाय खाली पायपुसण्यावर होते, पण चवड्यांवर. मला ते चवडे दिसत होते.

शेवटचा टप्पा. एका बाजूला सायकलच्या रस्त्यावर नुकतंच काँक्रीट ओतलेलं, गुळगुळीत, ओलं. पत्र्यांच्या फटीतून एक मजूर भरलेली ढकलगाडी घेऊन बाहेर आला. धाकटीला तो आधीच दिसला होता. तिने ब्रेकवर पाय ठेवला. माझ्याइतकं हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? दांडी ओढली गेली आणि मी खाली जाऊ लागलो, नेहमीसारखा, अलगद. गाडी थांबतच होती.

आणि अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यावर बूट आदळला.

बझर वाजला. गाडी गचकन थांबली. मजूर ढकलगाडी घेऊन आरामात निघून गेला, मध्ये अजून एक गाडी मावली असती.

मग साहेब पुढे वाकले. चांगला माणूस. त्यांनी वाट काढून दिली होती.

“मास्तर, मुलीने पण ब्रेक लावला होता असं मला वाटतं. मागून नीट दिसलं नाही. सवयीने पाय पडला असेल तर तसं सांगा, मी पुढे घेतो. होतं असं. गरज होती का तुमच्या ब्रेकची?”

धाकटीने मान वळवून बापाकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. नुसती वाट बघत होती.

एवढंच म्हणायचं होतं, ‘सवयीने पडला.’ तीन शब्दही नाहीत धड. पण मग हजारो लोकांना शिकवलेल्या मास्तरचा पाय चुकला असं झालं असतं. कॉलेज सोडलेली पोर बरोबर, आणि मास्तर चूक. शिवाय पोर जाणार. खोली घेणार. माझ्यावरचा बूट त्याने चोरासारखा उचलला, म्हणजे त्याला कळत होतं. कळत होतं, आणि तरी तो म्हणाला,

“गरज होती, साहेब. मी नसतो तर आज माणूस गेला असता.”

साहेबांनी श्वास सोडला. “मग माझा नाइलाज आहे.”

धाकटीने हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. पट्टा सोडला.

“अगं, काय करतेस? मधे रस्त्यात? पुढच्या महिन्यात पुन्हा देऊ की परीक्षा. मी शिकवतो ना!”

“तुम्ही बसा, बाबा. तुम्ही होतात म्हणून वाचला ना माणूस? मग आता तुम्हीच घरी न्या गाडी.”

ती उतरली. पत्र्याच्या फटीतून पलीकडे गेली आणि सरळ त्या ओल्या काँक्रीटवरून चालू लागली.

“ओ ताई! ओलं आहे ते!” मजूर ओरडला.

“वाळेल,” ती म्हणाली, आणि मागे न बघता फुटपाथवर चढून निघून गेली.

मागे हॉर्नांचा कल्लोळ. साहेबही उतरून पायी गेले. ड्रायव्हरची सीट रिकामी, सायकलच्या रस्त्यापायी निम्मा उरलेला रस्ता आम्ही अडवलेला, आणि मास्तर आपल्या जागेवर बसून मला दाबतोय. उभी गाडी! बंद इंजिन! तरी दाबतोय. बझर वाजतोय तो वाजतोच आहे.

शेवटी तो पलीकडे सरकला. किती वर्षांनी स्टिअरिंगवर बसला देव जाणे. क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. पुन्हा. मागचा टेम्पोवाला वरची ‘शिकाऊ’ पाटी बघून ओरडला, “ओ नवशिके! शेजारी मास्तरला घेऊन बसा की!”

धाकटी त्याच आठवड्यात आत्याकडे निघून गेली. व्हॅन गेली, ती खोलीही गेली. पुढे कधीतरी आत्याच्या गावी साध्या गाडीत, एकाच ब्रेकच्या गाडीत, तिने परीक्षा दिली. धाकटीच्या आईचा फोन आला तेव्हा आम्ही रांगेतच होतो.

“पास झाली हो ती!”

मास्तर म्हणाला, “तिकडे परीक्षा सोप्या असतात.”

आता सायकलचा रस्ता पुरा झालाय. समितीने फीत कापली. त्याच्यावर सायकली कमी आणि समितीच्या गाड्या जास्त उभ्या असतात, आमचीही असते. त्या एका जागी काँक्रीटमध्ये चपलांचे ठसे पक्के झालेत. पलीकडे गेलेले, परत न आलेले. कंत्राटदार म्हणाला, घासून काढतो. कशाला पुन्हा पत्रे, असं म्हणून मास्तरनेच नको म्हटलं. ते मी ऐकलंय.

माझं रबर झिजलंय, त्याच्या बुटाच्या आकाराचा खड्डा पडलाय माझ्यात. शिकाऊ बदलतात, पण त्या ठशांपाशी गाडी आली की बझर वाजतोच. रस्ता मोकळा असतो. समोर कोणी नसतं.

“मास्तर, मी काही चुकलो का?” शिकाऊ घाबरून विचारतो.

“चला पुढे,” मास्तर म्हणतो.

तुमच्या गाडीत मी नसेन. पण पोरांच्या शेजारी बसता ना तुम्ही? एकदा वाकून बघा, पाय कुठे आहे तो. माझं डोकं आता दुखत नाही, सवय झालीय. मागणं माझ्यासाठी नाहीच. तिकडून ब्रेक लागलेला असतो हो. खाली जाणारं पेडल तळव्याला कळतं. त्यालाही कळलं होतं.

पाय उचला.