ओळखीचा खोकला

पहिली सात वर्षं मी त्यांच्या फक्त पाठी पाहिल्या. बिनशेपटीची मोठी रानटी वानरं ती, माझ्या अभ्यासाचा विषय; माणसाची चाहूल लागली की पसार. मग मी एक खूण ठरवली. झाडीत शिरण्याआधी दोनदा हलकेच खोकायचं, थांबायचं, पुन्हा एकदा खोकायचं. म्हणजे मीच आहे, घाबरू नका. आठव्या वर्षी टोळीतली थोरली मादी, जिला मी मावशी म्हणते, खोकला ऐकूनही जागची हलली नाही. आनंदानं आईला पत्र लिहिलं, तर तिचं उत्तर आलं, "आधी औषध घे."

या रानात हा खोकला माझ्याखेरीज एकट्या दादाला ठाऊक होता. दादा माझा वाटाड्या. सव्वीस वर्षं माझ्यापुढे चालला, तापात मला पाठीवर घालून आणलं. सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं त्यानं केलं.

मंगळवारी सकाळी दोन माद्या मेलेल्या सापडल्या. पिल्लं गायब. गोळ्या समोरून, छातीत. पळापळीची खूण नाही, एकही फांदी मोडलेली नाही. एकीच्या मुठीत अर्धवट खाल्लेलं फळ तसंच होतं. मारणारे जवळ येईपर्यंत त्या निवांत बसून होत्या.

मी दादाकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"तू शिकाऱ्यांना खोकून दाखवलंस?"

"ताई, एकच पिल्लू नेणार म्हणाले होते."

माझ्या तोंडाला शिव्यांचा कधी तुटवडा नसतो, पण तेव्हा एक आठवेना. "चालता हो," एवढंच म्हटलं. का केलंस, हे विचारलं नाही. कारण ऐकलं असतं तर कदाचित पटलंही असतं.

वन अधिकारी फोनवर म्हणाले, पंधरा दिवसांत माणसं पाठवतो. तोवर कुणीही खोकलं असतं आणि ही खुळी वानरं बसून राहिली असती.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याचा डबा, पळी आणि खिसाभर दगड घेऊन गेले. दोनदा खोकले, थांबले, पुन्हा एकदा. मावशी खाली उतरून नेहमीच्या ओंडक्यावर बसली. मी जीव खाऊन डबा बडवला. बाकीची टोळी किंचाळत पळाली. ती माझं काय बिनसलंय ते बघत राहिली.

"पळ ना ग बाई!" मी ओरडले आणि दगड मारला. तो खांद्यावर लागला.

तिनं खांदा चोळला. मग थोडं सरकून ओंडक्यावर मला जागा करून दिली.

मी दुसरा दगड काढला.