एक तार, तीन घंट्या

मित्रांनो, मी एक जुना सागवानी डबा आहो. डबा म्हटलं की तुम्हाले लाडू आठवते, मले माहीत आहे. माझ्या पोटात लाडू नव्हते, तारा होत्या. बाहेरून फोनची एक तार माझ्यात येये अन् आतून तीन तारा निघत. मधात माझी पितळी कळ. ती इकडं फिरवली की याचा फोन पुढं, तिकडं फिरवली की त्याचा. एवढंच माझं काम. पण या एवढ्याशा कामानं मले जलमभर चैन पडू दिलं नाही.

माझा जलम लकडगंजातला, नानाजीच्या लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत. दाराच्या चौकटी कापता कापता एक फळकूट उरलं, सुतारानं त्याचा डबा ठोकला अन् फोनच्या मिस्त्रीनं आत कळ बसवली. कळीले चार घरं होती. एक 'गादी', म्हणजे खाली जिथं मालक बसून धंदा करे. दुसरं 'माडी', म्हणजे वरचं घर. तिसरं 'आरामशीन', म्हणजे मागच्या शेडात जिथं लाकूड चिरत. अन् चौथं, बरोबर मधात, 'सगळे'. कळ त्या मधल्या घरात ठेवली की तिन्ही घंट्या संगंच वाजत. ज्यानं आधी उचलला त्यानं बोलाचं, बाकीच्यायनं थांबाचं.

नानाजीनं मले मधातच ठेवलं. म्हणे, "घर एक, तार एक. काहून कोणाले पुढं-मागं कराचं?"

ते दिवस चांगले होते गा. मले पाहाले शेजारपाजारचे लोक येत. दसऱ्याले आरामशीनच्या पात्याची पूजा होये, तवा घरची सून प्रेमिला माझ्याबी कपाळाले हळदी-कुंकू लावे. डब्याले कपाळ कुठं असते ते मले माहीत नाही, पण ती लावे.

मग नानाजी थकले अन् त्यायचा पोरगा ताराचंद गादीवर बसला. माणूस वाईट नाही. पण त्याच्या बुडाखाली जसे मुंगळे! चहा गरम असला त म्हणे थंड काहून नाही, थंड झाला त म्हणे गरम काहून नाही. अन् फोन? फोन त त्याले कधीच लवकर लागला नाही.

तुम्हाले त्या वक्ताचा फोन समजून सांगतो. दुसऱ्या गावाले बोलाचं असन त ट्रंकवाल्या बाईले नंबर सांगाचा अन् फोन खाली ठेवून वाट पाहाची. लाइन मोकळी झाली की बाई स्वतः घंटी देये. साधा कॉल मागितला त दिवस जाये. अर्जंट मागितला त जरा आधी. अन् लायटनिंग मागितला त सगळ्यायच्या डोक्यावरून उडी! पैसे तसेच लागत. ताराचंद आधी साधा मागे, मग अर्जंट, मग दर खेपेले लायटनिंग. तरी त्याचं समाधान नाही.

एक दिवस त्याची नजर माझ्यावर गेली. मिस्त्रीले बोलावलं, म्हणे, "धंद्याचा फोन पयले. बाकी सगळे मागून." मिस्त्रीनं माझी कळ 'गादी'वर नेली अन् तिले चावी बसवली. आता घंटी वाजन त गादीवरच. माडीवाले बोलत असले अन् ताराचंदनं खाली फोन उचलला, त खट्! माडीचं बोलणं तुटलं. चावी ताराचंदनं आपल्या करदोड्याले बांधली. झोपेतबी माझी चावी त्याच्या पोटावर.

दोन दिवस तो खुश होता. "पाहा, कसा फटाफट झाला फोन!"

फटाफट कायचा? मित्रांनो, मी तार काही रुंद करू शकत नाही. बाहेरून जेवढं येते तेवढंच येते. एकाले पुढं केलं म्हणजे दुसऱ्याले मागं केलं, याच्यावर मले काही येत नाही. गादीचा फोन लवकर झाला तो माडीच्या अन् आरामशीनच्या वाट्याचा वेळ खाऊन.

प्रेमिलाची बहीण वच्छला खाप्याले राहे. एकदा प्रेमिलानं तिले साधा कॉल मागितला अन् सकाळपासून फोनपाशी बसून राहिली. दुपारी खालून हाक आली अन् कॉल लागला. "वच्छला, लोणच्याची मोहरी भाजून घेऊ का कच्ची..." खट्! खाली ताराचंदनं फोन उचलला होता. कायसाठी? घड्याळ मागं पडलं म्हणून टाइम विचाराले!

प्रेमिला जिन्यातूनच ओरडली, "अवो, तुमचा हा डबा म्हणजे या घरातला दुसरा नवरा झाला. दुसऱ्याचं ऐकूनच घेत नाही!"

आरामशीनवरचा रुपराव त फोनले हातच लावे ना. पट्टा तुटला की भुशानं भरलेला तो स्वतःच पळत येये. म्हणे, "फोनपेक्षा माझे पाय बरे, मधात कोणी कापत त नाही."

अन् मी? मले रात्रंदिवस एकाच बाजूनं ओढून धरलेलं. आतली स्प्रिंग सारखी ताणलेली. अंग अवघडून जाये. मधल्या घरात याव, घडीभर सैल व्हाव, असं वाटे. पण चावी करदोड्याले.

आता त्या दिवसाचं सांगतो.

ताराचंदची पोरगी उत्तरा कॉलेजात होती. खो-खो असा खेळे की माडीवरून खाली उतरे तेबी तीन पायऱ्या सोडून. विद्यापीठाची टीम भोपाळले चालली होती. उत्तराचं नाव टीममध्ये नव्हतं, पण एक पोरगी तापानं पडली होती. टीम घेऊन जाणाऱ्या सिंधूताईनं सांगून ठेवलं, "ती नाही आली त तुले नेईन. दुपारी फोन करीन. फोन आल्याशिवाय स्टेशनवर येऊ नको, तुले परत पाठवाव लागलं त मले बरं वाटणार नाही." गाडी त्याच दिवशी सांजची.

उत्तरानं बापाले सकाळीच सांगतलं. ताराचंद पान लावून राहिला होता. "हो हो, येऊ दे ना फोन," म्हणे. पण चावी काही त्यानं काढली नाही. कारण त्याच दिवशी बल्लारशाले सागवानाचा लिलाव होता. त्याचा माणूस बळीराम तिकडं गेला होता, अन् बोली कुठपर्यंत न्याची ते ताराचंदले त्याले सांगाचं होतं. लायटनिंग कॉल सकाळीच मागून ठेवला होता.

मग त्यानं काय केलं सांगू? मागितलेला कॉल आला नाही म्हणून दर थोड्या वेळानं फोन उचले अन् ट्रंकवाल्या बाईले विचारे, "बाई, माझ्या बल्लारशाचं काय झालं?"

"लावून राहिली भाऊ. तुम्ही खाली ठेवा."

ठेवे. पान तोंडात टाके. पुन्हा उचले. "बाई, लायटनिंग आहे माझा!"

"भाऊ, आत्ता लावला होता, तुमचाच फोन एंगेज लागला."

"माझा कसा एंगेज लागन? मी त तुमच्याशीच बोलून राहिलो!"

मले हसूबी येये अन् धडधडबी होये. त्याचा कॉल त्याच्याच दारात येऊन परत जाऊन राहिला होता, अन् दार त्यानंच अडवून धरलं होतं. मग सिंधूताईचा फोन कुठून लागन?

वर माडीवर उत्तरा बूट घालून बसली होती. नाडे बांधे, सोडे, पुन्हा बांधे. पिशवी दारात. फोन उचलून पाहे, त मुका, अन् खालून बापाचा आवाज. ठेवून देये. तिच्या चपळ पायायची फरशीवर टपटप मले भिंतीतून ऐकू येये. ऊन जिन्यावरून सरकत खाली गेलं.

अन् मागं आरामशीन एकदम बंद पडली. पातं तुटलं. दिवसभराचा तो घरघराट थांबला अन् सगळा टाल गपचूप झाला. रुपराव नेहमीसारखा पळत गादीवर आला अन् त्याच वक्ती जिन्यावरून उत्तरा उतरली, पिशवी खांद्याले.

"बाबा, फोन ठेवा."

"थांब वं, लायटनिंग आहे."

"सकाळपासून लायटनिंग आहे ना? मग आला काहून नाही?"

"ट्रंकवाले झोपून राहिले."

"कोणी नाही झोपलं. तुम्हीच उचलून राहिले. त्या बाईनं लावला त तो लागन कुठं? तुमच्या कानाले?"

रुपरावले हसू आवरलं नाही. ताराचंदनं त्याच्याकडं डोळे केले. "काहून गा, तुले काय झालं?"

"पातं तुटलं शेठ. तेच सांगाले आलो. फोन कराची त सोय नाही."

उत्तराचा आवाज खाली गेला. "बाबा, गाडीले वेळ नाही राहिला. एवढ्या खेपेले नाही गेली त पुढच्या साली कॉलेज संपते माझं. फोन ठेवा ना. अन् तो डबा मधात करा."

ताराचंद घडीभर पोरीच्या बुटाकडं पाहत राहिला. मग फोन ठेवला, सदरा वर केला अन् करदोड्याची चावी काढली.

कळ फिरेना! किती वर्सं झाली होती, माझा सांधा गंजला होता. प्रेमिला वरून खोबरेल तेलाची शिशी घेऊन आली. दोन थेंब सोडले. ताराचंदनं जोर लावला अन् मी करकरत, कण्हत मधल्या घरात आलो. हाय रे! बैलाच्या मानेवरून जू उतरल्यावर काय वाटत असन ते मले त्या दिवशी समजलं.

"आता कोणी हात लावाचा नाही," प्रेमिला म्हणे.

चौघं जण फोनभोवती उभे. ताराचंदचा हात आपोआप फोनकडं सरकला. प्रेमिलानं चटकन त्यावर टपली मारली. "हात मागं!"

अन् घंटी वाजली. एक नाही, तिन्ही! गादीवर, माडीवर, मागं आरामशीनवर. लाकडाच्या चळतीवरचे पारवे भर्रकन उडाले.

बल्लारशा होता. बळीराम ओरडून राहिला होता, "भाऊ, माल चांगला आहे! पण बोली वर चालली, कुठपर्यंत जाऊ?" ताराचंद भाव सांगे, बळीराम दुसराच सांगे, मधात खरखर. काही ठरतच नव्हतं, तेवढ्यात ट्रंकवाली बाई मधात आली, "तीन मिनिटं झाली. वाढवू काय?"

मित्रांनो, त्या वक्ती माझ्यातून काहीच आवाज जाऊन राहिला नव्हता. तार नुसती थांबून राहिली होती. ताराचंदनं उत्तराकडं पाहिलं. ती त्याच्याकडं पाहतच नव्हती, नाड्याची गाठ पाहून राहिली होती.

"बळीराम, लाकूड तुझ्यासमोर आहे, माझ्यासमोर नाही. तुले वाटन तसं कर," ताराचंद म्हणे. "बाई, नका वाढवू."

त्यानं फोन ठेवला. अन् माझ्या अंगातून वारा गेल्यावाणी ती तार मोकळी झाली.

थोडा वेळ काहीच नाही. रस्त्यावर बैलाचं एक खाचर गेलं. मग पुन्हा तिन्ही घंट्या! उत्तरानं झडप घातली.

"अवं उत्तरा!" सिंधूताई धाप लागल्यावाणी बोलत होती. "दुपारपासून लावून राहिली, एंगेज, एंगेज! तुमच्या घरी काय फोन खातात का वं? आता मी पारडीच्या पोरीले निरोप धाडला. तीबी निघाली असन. तुमच्यातली जी आधी फलाटावर दिसन, तिचं नाव लिहीन. पळ!"

फोन खाली लोंबकळत राहिला. बाहेर ताराचंद स्कूटरले लाथा मारून राहिला होता, ते मले ऐकू आलं. एक लाथ, दोन लाथा, स्कूटर खोकली. रुपराव म्हणे, "वाकडी करा शेठ, वाकडी करा!" मग सुरू झाली अन् आवाज दूर गेला. बस. त्याच्यापुढं मले काही दिसत नाही, ऐकू येत नाही. मी भिंतीवरचा डबा. जेवढं तारेतून येते तेवढंच माझं जग.

प्रेमिलानं लोंबता फोन उचलून ठेवला. दिवे लागले. ती जिन्यावर बसून राहिली. रुपरावची सुट्टी झाली होती, पण तोबी गेला नाही.

स्कूटर परत आली. प्रेमिला उठली. "पोरगी?"

ताराचंद एकटाच आत आला. "गेली," म्हणे. "पारडीवाली स्टेशनच्या जिन्यावर होती, आपली फलाटावर." मग म्हणे, "त्या पोरीचं तोंड पाहून वाईट वाटलं वं. माझ्यानंच झालं हे सगळं. दुपारीच फोन लागला असता त तिले काहून उगाच पळाव लागलं असतं?"

मग तो गादीवर बसला अन् सवयीनं हात फोनवर ठेवला. बल्लारशाचं काय झालं ते विचाराचं असन. उचलणारच होता. पण थांबला. मान वर करून म्हणे, "कोणाले फोन कराचा आहे काय?"

मी इतकी वर्सं त्या भिंतीवर होतो, पण हे शब्द त्याच्या तोंडून पयल्यांदा ऐकले.

"मले खाप्याले," प्रेमिला म्हणे. तिनं साधाच कॉल मागितला. अन् पाहा, लवकर लागला. "हां, वच्छला, त मोहरी भाजून घेऊ का कच्ची?"

तिकडून वच्छला अशी हसली की माझी तार थरथरली. "अवं बाई, आमचं लोणचं खाऊन संपलं बी!"

बळीरामनं अर्धाच माल आणला. ताराचंद कुरकुरला, पण चावी पुन्हा करदोड्याले बांधली नाही. खिळ्याले टांगली, कोणालेबी दिसन अशी. कळ मधातच राहिली. कधी उत्तराले फोन येणार असला की ती तेवढ्यापुरती कळ माडीवर करे अन् फोन आला की परत मधात आणून ठेवे.

आता घरात तीन वेगळे फोन आले. दुसऱ्या गावाले घरूनच नंबर फिरवता येते, ट्रंकवाल्या बाईचं काम नाही. माझ्या तारा कापल्या. माझ्यावर भुसा बसते, आत पालीनं अंडी घातली. दसऱ्याले कोणी कुंकू लावत नाही. तरी रस्त्यावर फोनची घंटी वाजली की माझी स्प्रिंग अजूनबी हलते. जुनी खोड.

मित्रांनो, मले कोणी पुसलं नाही तरी चालन. पण तुमच्या घरी एकच तार असन, नाहीतर एकच नळ, एकच दिवा, त कळ आपल्याकडं ओढून चावी कमरेले बांधू नका. सगळ्यायच्या आधी माझं, माझं, असं करणाऱ्याचा कॉलबी दारातून परत जाते, मी पाहिलं आहे. हात लावाच्या आधी मान वर करून एकदा विचारा, कोणी वाट पाहून राहिलं आहे काय. वर जिन्यावर बसून कोणी आपल्या बुटाचे नाडे बांधत असन अन् सोडत असन.