दोन शिक्के

गाडी तिसऱ्यांदा परत मिळाली तेव्हा जॉबकार्डावर दोन शिक्के होते. निळा: 'दोष आढळला नाही.' लाल: 'चालकाची हाताळणी सदोष.' आईने चष्मा कपाळावर सरकवून लाल शिक्का वाचला आणि चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचला.

काउंटरमागच्या सर्व्हिस मॅनेजरचं नाव आम्ही घरी गोडबोल्या ठेवलं होतं. तो हसून म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. या वयात क्लचवरचा पाय जरा हलका पडतो. माझ्या आईचंही तसंच झालंय."

"किती वर्षं गाडी चालवतात त्या?" मी विचारलं.

"छे, ती कुठली चालवते. मीच सोडतो तिला."

आई सव्वीस वर्षं गाडी चालवते. एका लॅबसाठी ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी सहा ते दहा, बारा-पंधरा घरं, गार डब्यात ओळीने लावलेल्या नळ्या. आधीच्या दोन गाड्या तिने भंगारात जाईपर्यंत चालवल्या. ही तिसरी, पहिलीच नवी कोरी. हिला तीन वर्षं पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते, म्हणजे वॉरंटी संपायलाही तेवढेच.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. पूल उतरताना इंजिन बंद पडायचं. झटका नाही, आवाज नाही. बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तसं. सपाटीवर आली की किल्ली फिरवताच सुरू. मेकॅनिक बघेपर्यंत शहाण्या मुलीसारखी उभी. गेल्या महिन्यात ती भर उतारावर थांबली, मागे वाहनांची रांग लागली आणि ती बाजूला घेईपर्यंत डब्यातले अकरा नमुने वाया गेले. अकरा जणांना पुन्हा सुई टोचावी लागली. त्यातल्या एका आजोबांची शीर आईशिवाय कुणाला सापडत नाही. ते म्हणाले, "बाई, टोच. पण तेवढं रक्त शिल्लक आहे का ते आधी बघ."

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी जॉबकार्ड मागितलं. त्या वाईट नाहीत, पण कागदापुढे त्यांचं काही चालत नाही. "इथे चूक तुमची लिहिलीय. उद्या कमी-जास्त झालं तर मी काय उत्तर देऊ? हा शेरा काढून आणा, फेरी तुमचीच. महिनाअखेरपर्यंत थांबते. मग दुसरा माणूस नेमावा लागेल. तोवर काउंटरवर बसा."

आई काउंटरवर बसून बाटल्यांना लेबलं चिकटवू लागली.

एका संध्याकाळी ती टीव्ही बघत होती आणि तिचा डावा पाय जमिनीवर सारखा दाबला जात होता, सुटत होता.

"पाय दुखतोय का गं?"

"नाही. बघत होते, खरंच हलका पडतो का."

माझं डोकं तिथे फिरलं. शेरा पुसायचा, गाडी दुरुस्त करून घ्यायची, हे शहाणपण मला नंतर सुचलं. आधी गोडबोल्याची चारचौघांत फजिती व्हायला हवी होती, आणि ती मला पहिल्या रांगेत बसून बघायची होती.

मामाचं म्हणणं सोपं होतं. "विकून टाका. मारा कुणाच्या तरी गळ्यात."

"आणि त्याच्या गळ्याचं काय?" आईने विचारलं. मामाने वर्तमानपत्र उघडलं.

मी ऑफिसातून आल्यावर रोज गाडी घेऊन बाहेर पडू लागले. मी दुकानांतले वजनकाटे तपासण्याचं काम करते. काटा खोटं बोलत असेल तर तो कधी बोलतो हे आधी शोधायचं असतं. नेहमी खोटं बोलणारा काटा सापडायला सोपा, अधूनमधून बोलणारा कठीण. वहीत रकाने पाडले: वेळ, इंजिन गार की तापलेलं, चढ, उतार, वळण कुठल्या बाजूला. जुन्या बंद पडण्याच्या तारखा आईकडून घेतल्या. तिच्या डायरीत चौदा सापडल्या. पाच दिवस काही जुळेना. मग आरशामागे खोचलेल्या पेट्रोलच्या पावत्या हाती लागल्या आणि मी त्यांच्या तारखा डायरीतल्या तारखांशेजारी मांडल्या.

टाकी भरल्यानंतरच्या चार दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नव्हती. आणि सर्व्हिस सेंटरला गेलेल्या तिन्ही वेळी आदल्या दिवशीची पावती होती. पूर्ण टाकीची.

"आई, तिकडे नेताना तू टाकी भरतेस?"

"मग? लोकांच्या दारात उपाशी गाडी कशी न्यायची? ती माणसं आपल्यासाठी फिरवून बघणार, त्यांनी का पदरचं घालायचं?"

म्हणजे आमच्या भलेपणानेच पुरावा बुडवला होता.

सोमवारी मी हॉस्पिटलच्या पार्किंगच्या दोन गोल उतारांवर, एक डावीकडे वळणारा, एक उजवीकडे, गाडी चोवीस वेळा उतरवली. टाकी भरलेली असताना आठ वेळा: एकदाही बंद नाही. पेट्रोलचा काटा पावाखाली आणि वळण डावं असताना आठ वेळा: एकदाही नाही. काटा पावाखाली आणि वळण उजवं: आठातून सात. पहारेकरी खुर्ची ओढून बसला होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, लायसन्सची परीक्षा आहे का?"

कारण वाचनातून कळलं. टाकीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात पंप एका प्लास्टिकच्या वाटीत बसलेला असतो. उजवीकडे वळणाऱ्या, बाहेर कललेल्या उतारावर पेट्रोल पुढे आणि डावीकडे सरकलं तरी वाटीत थोडं राहतं आणि पंपाला पुरतं. वाटी तडकली असेल तर ती रिकामी होते, पंप हवा ओढतो आणि इंजिन गप्प. गाडी सपाटीवर आली की पेट्रोल मागे येतं. जणू काही झालंच नाही.

एका फोनचं काम होतं. मी तो केला नाही.

कारण सर्व्हिस सेंटरचं वर्कशॉप दुसऱ्या मजल्यावर आहे. गाड्या वर जातात सरळ चढणीने, खाली येतात गोल उताराने, उजवीकडे वळत. उतार संपतो तो बरोबर शोरूमच्या काचेसमोर. शनिवारी अकरा वाजता तिथे नव्या गाड्या घ्यायला आलेली कुटुंबं उभी असतात.

शनिवारी मी आईला मागे बसवलं. पेट्रोल मोजून आठ लिटर ठेवलं होतं. धोक्याचा दिवा सहाला लागतो, त्यामुळे 'पेट्रोल नव्हतं' म्हणायची सोय त्याला राहणार नव्हती. शोरूमच्या दारात आईचं लक्ष काट्याकडे गेलं.

"अगं, पावाखाली आहे. अशीच आणलीस?"

"असू दे."

"शोभतं का हे?"

गोडबोल्या नेहमीसारखा हसत आला. मी त्याच्याहून गोड हसले. "आईची हाताळणी सदोष आहे ना, म्हणून म्हटलं, तुम्हीच एकदा चालवून दाखवा. ती मागे बसून शिकेल."

"अरे, आनंदाने. ताईंसाठी काय पण."

"हा फॉर्म आधी भरायचा असतो ना? 'चाचणी घेणाऱ्याचं नाव'?"

त्याने नाव लिहिलं, सही केली, वेळ घातली. गाडी वर नेली, वर्कशॉपमध्ये एक फेरी मारली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं. परत निघालो तेव्हा गोडबोल्या आरशातून आईला शिकवत होता. "बघा ताई, घाई नाही. पाय अस्सा अलगद सोडायचा." मी पुढे त्याच्या शेजारी होते, हात हँडब्रेकवर. वेग माणसाच्या चालीचा. त्यापेक्षा जास्त धोका मी पत्करला नसता. दुसरी जागाही निवडली नसती.

अर्ध्या वळणावर गाडी गप्प झाली.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, लागलं नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा. उतारावर पेट्रोल मागे येणार नव्हतं. तो संध्याकाळपर्यंत किल्ली फिरवत बसला असता तरी. मागून एक गाडी उतरत आली आणि थांबली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. तशीच सोडून द्यावी तर स्टिअरिंग जड झालेलं आणि खाली काचेसमोर नव्या गाड्या मांडलेल्या. हॉर्न सुरू झाले. काचेआडची माणसं बाहेर येऊन वर बघू लागली. एका लहान मुलीला तिच्या बाबांनी खांद्यावर घेतलं.

"क्लच नीट दाबलात ना?" मी विचारलं.

"दाबलाय," तो दातांतून म्हणाला.

मागच्या गाडीतल्या माणसाने डोकं बाहेर काढलं. "काय साहेब, अंगण वाकडं आहे का?" खाली कुणीतरी मोठ्याने हसलं. गोडबोल्याचे कान लाल झाले. मी ते बघत राहिले, आणि मला फार बरं वाटत होतं.

मिस्त्री वरून चालत आला. खिडकीत वाकून काटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. "साहेब, पंपाची वाटी," तो आरामात म्हणाला. त्याचा आवाज त्या गोल भिंतींत चांगलाच घुमला. "ही आठवी गाडी."

"ते नंतर बोलू."

"नंतर नंतर करता आठ झाल्या. मी कार्डावर लिहितो, तुम्ही वर शिक्का मारता."

गोडबोल्याला उतरवून मिस्त्री स्टिअरिंगवर बसला आणि गाडी इंच इंच करत खाली आणली. सपाटीवर एका किल्लीत सुरू झाली. तेही सगळ्यांनी पाहिलं.

काउंटरवर माझ्या मागे सहा-सात माणसं जमली. काही नुसती तमाशा बघायला, दोघांच्या हातात बुकिंगचे कागद. गोडबोल्या हळू आवाजात म्हणाला, "ताई, आत केबिनमध्ये बसू या. सोमवारी कंपनीला कळवतो."

"बसायला वेळ नाही," मी म्हणाले. "कार्डावर शिक्का मारा."

"कुठला?"

"दोनच तर आहेत तुमच्याकडे. निळा मारलात तर इतक्या लोकांनी आत्ता काय बघितलं? लाल मारलात तर चालक तुम्ही होतात. खाली सही आहे."

त्याने ड्रॉवर उघडला, त्यात बराच वेळ बघितलं आणि बंद केला. मग पेन घेऊन हाताने लिहिलं: 'दोष आढळला.' त्याचं अक्षर शाळकरी पोरासारखं होतं. या जागी लिहायची त्याला सवयच नसावी.

"कशात आढळला?" आई पहिल्यांदा बोलली. "मिस्त्री सांगतील तसं लिहा."

त्याने लिहिलं. आईने पर्समधून जुनी तीन कार्डं काढून समोर मांडली. "आता या शिक्क्यांवर रेघ मारा. प्रत्येक रेघेशेजारी सही आणि तारीख."

"ताई, याची खरंच गरज..."

"मारा."

पहिली रेघ पुसट उठली. आईने कार्ड त्याच्याकडे परत सरकवलं. "हात हलका पडतोय तुमचा. दाबून."

पंप वॉरंटीत बदलून मिळणार होता, चार दिवसांत. डॉक्टरीणबाईंना कार्डांचे फोटो पाठवले तर त्यांचं उत्तर आम्ही बसस्टॉपवर पोचायच्या आत आलं: गाडी मिळाली की फेरी सुरू करा. आईने ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ती काहीतरी चांगलं बोलेल.

"तुला कधी कळलं हे?"

"सोमवारी."

"आज शनिवार."

"हो."

"म्हणजे पाच दिवस मी लेबलं चिकटवत बसले आणि तू गर्दीची वाट बघत होतीस."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. "तुला सांगितलं असतं तर तू टाकी भरली असतीस," मी म्हणाले.

"भरली असती," तिने कबूल केलं. "तरी सांगायचं होतंस."

बसमध्ये ती खिडकीशी जाऊन बसली. घरी आल्यावर तिने पर्समधून कार्डांबरोबर एक चिठ्ठी काढली. ग्रीसचे डाग पडलेल्या त्या कागदावर मिस्त्रीने सात फोन नंबर लिहिले होते. कधी दिले, मला दिसलंही नव्हतं.

"हे बरोबर आहे का?" मी विचारलं. "म्हणजे, नियमाने?"

"नियमाचं तू मला सांगू नकोस." तिने खुर्ची ओढली, चष्मा नीट केला आणि पहिला नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी गाडी चालवणं वर्षापूर्वीच सोडलं होतं. नवरा म्हणाला होता, तुला जमत नाही. आई त्यांच्याशी वीस मिनिटं बोलली. नंतर तिने फोन दुसऱ्या हातात घेतला आणि पुढचा नंबर लावला. हा माणूस उचलल्या उचलल्या भडकला. त्याचा आवाज मला टेबलाच्या या टोकाला ऐकू येत होता.

"तुम्ही त्या कंपनीच्या का?"

"नाही हो," आई म्हणाली, "मी त्या कंपनीच्या मागे लागलेली आहे." आणि पेन दे म्हणून माझ्यापुढे हात केला.