वाढवून मिळालेलं आयुष्य

माझी बायको हरणाबाई जाऊन तीन महिने झाले. लोक म्हणतात, "नाथाजी, रडून घे." रडू येतंच, पण त्याआधी तिचे उपकार आठवतात.

१९७३ साली मी नानासोंच्या तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. जतच्या जत्रेत तंबू लागायचा. दाराशी शालूबाई चहा विकायची. विधवा बाई. दोन हंगाम माझा तिच्याशी संबंध होता. तिला मी सांगितलं होतं, माझी बायको वारली. हरणाबाई तिकडं माण तालुक्यात, आमच्या गावी, माझी मेंढरं राखत होती.

त्या वर्षी ती न कळवता एसटीनं जतला आली. सिनेमा होता बायकोला फसवणाऱ्या माणसाचा. शेवटी बायको त्याला माफ करते. आमचं मशीन एकच, म्हणून रीळ बदलताना तंबूत दिवे लावायचे. दिवे लागले आणि बायकांच्या बाजूला हरणाबाई दिसली. शेजारी शालूबाई. दोघी एकाच पुडीतले चिरमुरे खात होत्या.

दोघींकडं बघतच मी पुढचं रीळ उचललं. तिसऱ्या रिळाऐवजी मी शेवटचं चढवलं. पडद्यावर माफी झाली, सिनेमा संपला. नानासो धावत आले, "आंधळा झालास व्हय रं?" मग राहिलेली रिळं लावली. माफीनंतर नवऱ्याचं लफडं सुरू झालं. कुणीतरी ओरडलं, "गड्या, माफी मिळालीय, आता कर काय करायचं ते!" सगळा तंबू हसला.

सकाळी मी रिळं उलटी गुंडाळत बसलो. हरणाबाई हँडल फिरवत होती. म्हणाली, "चहावाली लय चांगली हाय. पण मी तुमची बायको म्हणल्यावर भूत बघितल्यागत बघाय लागली. मग गप चिरमुरं पुढं केलं. का वो?"

शालूबाईनं तोंड उघडलं नव्हतं. मीही गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण ते चिरमुरे डोळ्यांपुढून जाईनात. मी सगळं सांगितलं. तिला मेलेली ठरवलं होतं, तेही.

हँडल थांबलं.

"बाई ठेवली ते एक," ती म्हणाली. "पर मला मारून टाकलं व्हय? त्या सिनेमातल्या बाईनं आधीच माफ केलं. मला न्हाई जमायचं. लय वेळ लागंल." मग उठली. "चला. तिलाबी फसवलंय तुमी. तिच्याम्होरं खरं बोला."

भर बाजारात मी शालूबाईपुढं हात जोडले. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. हरणाबाईच्या हातात चहा दिला. "वैनी, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात. तुमचं वाढलं बगा."

हरणाबाई हसली नाही. पण चहा प्याली.

मी तंबू सोडला आणि तिच्याबरोबर मेंढरांमागं गेलो. दोन वर्षं ती माझ्याशी कामापुरतं बोलली. एक दिवस भाकरी वाढताना म्हणाली, "जाऊ द्या आता." एवढंच. त्यानंतरची चार वर्षं माझ्या जन्मातली सगळ्यात चांगली. शेवटच्या दुखण्यात हसून म्हणाली, "आवं, त्या बाईनं वाढवलेलं संपलं वाटतं."

परवा जतला जाऊन आलो. शालूबाई अजून चहा विकते. मी म्हणालो, "हरणाबाई वारली."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "खरं?"

"आता खरं."

तिनं स्टोव्ह बंद केला. चहा प्यायला आलेल्यांना म्हणाली, "जावा, आज चहा न्हाई. माजी वैनी गेली."