पाठीवरची तारीख

मी एक जुना ब्रेक पॅड आहे. खरं तर मी कधीच भंगारात जायला हवा होतो, पण मेल्यावरही नोकरी सुटत नाही अशी माझी गत झाली आहे.

मित्रांनो, चालकाने पाय दाबला की चाकाची फिरती तबकडी घट्ट धरायची, एवढंच माझं काम. मला बसवलं एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. पॅड बसवण्याआधी त्याच्या पाठीच्या पत्र्यावर खिळ्याने तारीख कोरायची त्यांची सवय होती. गिऱ्हाईक हसायचं, "मिस्त्री, आत कोण बघणार आहे?" ते म्हणायचे, "मी बघणार आहे ना." पुढे चार वर्षं मी झिजलो आणि एका कुटुंबाला रोज सुखरूप घरी पोचवलं. कोणी शाबासकी दिली नाही, पण त्याचं वाईट वाटलं नाही.

मग मला बदलायला त्या कुटुंबाने गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. चोवीस शाखा, सगळीकडे एकच गणवेश आणि एकच हसू. तिथले साहेब मला निरखून म्हणाले, "वा, इतका झिजलेला नमुना शोधून सापडत नाही." माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते हे. तेव्हापासून मी काउंटरच्या खणात राहतो. गाडी लहान असो की मोठी, साहेब मलाच पुढे करतात. "बघा, हा तुमचा पॅड. नशीब, वेळेवर आलात." लोक घाबरतात, वर त्यांचेच आभार मानतात. सुरुवातीला फार लाज वाटायची. आता थकलो.

एकदा शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताई आल्या. ब्रेक दाबला की करकर आवाज येतो, म्हणाल्या. बाहेर रांग होती. व्हॅनचं चाक कोणी खोललंच नाही, नुसती धुऊन पुसून उभी केली. साहेबांनी खणातून मला काढून ताईंच्या हातात ठेवलं. "हा तुमचा जुना पॅड. नवे बसवलेत ताई, निर्धास्त जा." शाळा सुटायला अर्धा तास होता. चौदा मुलं त्या व्हॅनमध्ये बसणार होती. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

ताईंनी मला सहज उलटं केलं. पाठीवरची काजळी अंगठ्याने पुसली आणि तारीख वाचली.

"साहेब, ही व्हॅन मी या तारखेनंतर दोन वर्षांनी घेतली. तीही कोरी. मग हा पॅड कोणाचा?"

साहेबांनी मला परत घ्यायला हात पुढे केला.

"चाक खोला. माझ्यासमोर."

आतला पॅड माझ्याहून झिजलेला निघाला, नुसतं लोखंड उरलं होतं. ताईंनी शाळेत फोन केला. "मुलांना आतच बसवा, मला उशीर होईल." चारही चाकांचा शेवटचा नट आवळेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

मला वाटलं, सुटलो एकदाचा. पण त्या गेल्यावर साहेबांनी मला ग्राइंडरवर धरलं आणि मिस्त्रींची तारीख घासून टाकली. मी पुन्हा खणात आहे.

म्हणून मित्रांनो, एकच विनवणी. उद्या कोणी मला तुमच्या हातात ठेवलं, तर उलटून बघू नका. पाठ कोरी आहे, मला आता काही सांगता येत नाही. तुम्ही चाकच खोलायला लावा, आणि जवळ उभे राहा.